बुधवारी रात्री साडेअकराला तो कुठे जातो?

प्रश्न : मी ३५ वर्षांची आहे, भांडुपला राहते. वन बीएचके घर. आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सकाळी डबे, मुलीची शाळा, मग ठाण्याला माझी अर्धवेळ नोकरी, संध्याकाळी अभ्यास आणि स्वयंपाक. नवरा ३८ वर्षांचा, कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात आहे. माणूस सरळ आहे, दारू-सिगारेट काही नाही. पण एप्रिलपासून तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाचा खेळ खेळायला लागलाय. दर बुधवारी आणि रविवारी रात्री साडेअकराला, आम्ही आडवे झालो की स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडतो, हेडफोन लावतो आणि अडीचपर्यंत बसतो. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांशी इंग्रजीत बोलतो. त्याचं खेळातलं पात्र म्हणजे एक बाई आहे, पांढऱ्या झग्यातली. ती म्हणे सगळ्यांना बरं करते. दर महिन्याला पैसे भरतो. सासूबाई म्हणतात, हे रमीसारखंच आहे, एक दिवस घर विकायला काढेल. गणपतीत आठ दिवस कणकवलीला होतो तेव्हा खेळला नाही, चिडचिडही केली नाही. पण मागच्या महिन्यात सोमवारी मुलीच्या पालकसभेला उठलाच नाही, मी रजा टाकून गेले. आणि खरं सांगू? परवा पाणी प्यायला उठले तर तो खळखळून हसत होता. आमच्याशी असा कधी हसला होता, आठवत नाही. अडतीस वर्षांच्या माणसाला यात मिळतं तरी काय? हे व्यसन आहे का? बंद करायला लावू का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर :

नमस्कार,

शेवटी तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण त्यांच्याआधीचं ते हसण्याचं वाक्य मला जास्त टोचलं. त्याच्याकडे येतेच. आधी सासूबाईंची काळजी, कारण ती लवकर मिटण्यासारखी आहे.

पैसे लावायचे आणि जास्त पैसे जिंकायची आशा धरायची, हे खेळ वेगळे. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात अशा पैशांच्या खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्स व निव्वळ करमणुकीचे खेळ यांना मोकळीक राहिली. तुमचा नवरा खेळतो तो करमणुकीचा. महिन्याची वर्गणी भरायची आणि खेळायचं. राक्षस मेला म्हणून बँकेत काही जमा होत नाही आणि आपण मेलो म्हणून खात्यातून काही जात नाही. वर्गणीशिवाय शोभेचे घोडे, पोशाख वगैरे विकत घेता येतात. त्यावर किती खर्च झाला ते त्याला सरळ विचारा, आकडा सासूबाईंना सांगा आणि तो विषय बंद करा.

साडेअकराची वेळही चोरटी नाही. या खेळाचे सर्व्हर भारतात नसल्याने आपल्याकडचे बरेच जण युरोपच्या सर्व्हरवर खेळतात. उन्हाळ्यात पॅरिस-बर्लिनला रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा भांडुपला साडेअकरा झालेले असतात. तिकडची मंडळी कामावरून येऊन, जेवून बसलेली असतात. बुधवार अशासाठी की युरोपात खेळाचा आठवडा बुधवारी सकाळी नव्याने सुरू होतो. मागच्या आठवड्यात मारलेले राक्षस पुन्हा उभे राहतात, त्यांच्याकडची लूट पुन्हा भरते.

आता त्या तीन तासांत नेमकं काय चालतं? त्याला ‘रेड’ म्हणतात. दहा ते तीस जण, आणि सगळ्यात अवघड पातळीवर नेमके वीस, एका मोठ्या राक्षसावर चालून जातात. (२००४ साली हा खेळ आला तेव्हा चाळीस जण लागायचे. चाळीस माणसांना एका वेळी गोळा करणं हेच खरं राक्षस मारण्याइतकं कठीण, हे सोसायटीची मीटिंग भरवलेल्या कुणालाही पटेल.) त्यात दोघं ‘टँक’ असतात, पुढे उभं राहून मार खाणं हे त्यांचं काम. बहुतेक जण मारणारे. आणि चार-पाच ‘हीलर’. त्यांनी कुणावर वार करायचा नाही, बाकीच्यांचा जीव किती उरलाय त्यावर डोळा ठेवायचा आणि त्यांना मरू द्यायचं नाही. तुमचा नवरा या चार-पाचांतला. एखाद्याने चुकीच्या क्षणी चुकीच्या जागी पाऊल टाकलं की सगळेच्या सगळे मरतात. मग पुन्हा पहिल्यापासून. एकेका राक्षसापायी अशा कितीतरी रात्री जातात.

गोविंदा पथक आठवा. गुरुपौर्णिमेला सराव सुरू होतो, दिवसभर राबलेली माणसं रात्री मैदानात जमतात, थर लागतात, कोसळतात, परत लागतात. खालच्या थरातल्याला तर हंडी धड दिसतही नाही, खांद्यावर फक्त वजन येतं. तरी तो दुसऱ्या रात्री हजर असतो, आणि तो का येतो हे मुंबईत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तुमचा नवरा खालच्या थरातला आहे.

लोक यात का रमतात, हा प्रश्न हे खेळ निघाले तेव्हापासूनचा. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अशा खेळांचा मूळपुरुष लिहिला. त्यात चित्रं नव्हती. समोर काय आहे ते वाचायचं आणि काय करायचं ते टाइप करायचं. १९९६ साली बार्टलने खेळणाऱ्यांचे चार स्वभाव मांडले : कमावणारे, हिंडणारे, गप्पा मारणारे आणि दुसऱ्याला छळण्यातच सुख मानणारे. चौथी जात तुम्ही कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाहिली असेल. पुढे निक यी या संशोधकाने हजारो खेळाडूंना प्रश्न विचारून २००६ साली दाखवलं की माणसं अशी कप्प्यांत बसत नाहीत. काही मिळवण्याची हौस, माणसांची ओढ आणि वेगळ्या जगात हरवून जाण्याची इच्छा, या तिन्ही गोष्टी एकाच माणसात एकत्र नांदू शकतात. त्याच्या पाहणीत खेळाडूंचं सरासरी वय सव्विसाच्या आसपास निघालं होतं. शाळेतल्या पोरांचा खेळ तो तेव्हाही नव्हता.

हे वाचून मला तुमच्या नवऱ्याच्या नोकरीची आठवण झाली. क्लिअरिंगचं काम मी जवळून पाहिलं आहे. कंटेनर वेळेवर सुटला तर कुणाला त्याचं नाव आठवत नाही. अडकला, की रोजचं डिमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा आकार) चढतं, पार्टीचा फोन येतो, साहेबाचा येतो आणि दोघंही त्याच्यावर ओरडतात. चूक त्याची असो, कागदाची असो की सर्व्हर डाऊन असल्याची असो. गंमत अशी की खेळातही त्याने नेमकं तसलंच काम निवडलं. हीलरची आठवणही लोकांना कुणी मेलं की येते! पण इथे घेतलेले कष्ट आणि त्यांचं फळ एकाच रात्रीत समोरासमोर येतात. परवा जिथे सगळे पहिल्या मिनिटाला मरत होते तिथे आज सहा मिनिटं टिकले, हे डोळ्यांना दिसतं. आणि राक्षस एकदाचा पडला की वीस माणसं एकदम आरडाओरडा करतात. कंटेनर सुटल्यावर कुणी कधी ओरडलंय का?

रिचर्ड रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली केलेल्या अभ्यासात खेळाची ओढ तीन साध्या भुकांशी जोडली होती : मला हे जमतंय, काय करायचं ते मी ठरवतोय आणि मी कुणाचा तरी आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्याला या तिन्हींतलं आठवडाभरात किती मिळतं याचा हिशेब करून बघा. लोकलमध्ये कुठे उभं राहायचं हेसुद्धा गर्दी ठरवते.

तिसऱ्या भुकेवर थोडं थांबते. अडतिशीतल्या मुंबईकराचे मित्र असतात कुठे? एक बदलापूरला, एक विरारला, एक पुण्यात, एक दुबईत. भेटायचं ठरवून तीनदा पुढे ढकललं जातं आणि चौथ्यांदा कुणी ठरवत नाही. घरी बोलवावं तर वन बीएचकेत सासूबाई हॉलमध्ये, मुलीचा अभ्यास तिथेच. कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर आणि दिमित्री विल्यम्स या दोघांनी २००६ साली लिहिलं होतं की हे खेळ म्हणजे घर आणि कामाची जागा सोडून माणसाला लागणारी तिसरी जागा आहेत. सहज जावं, कुणीतरी ओळखीचं असावं, विशेष काही न घडता दोन घटका जाव्यात. म्हणून तर या खेळात लोक तळ्याकाठी बसून तासन्‌तास मासे पकडतात. खरंच. राक्षस, तलवारी, ड्रॅगन सगळं बाजूला, आणि हा बुवा गळ टाकून गप्पा मारतोय. माझ्या मते खेळाचा सगळ्यात खरा आनंद तिथेच आहे, रेड हे जमण्याचं निमित्त.

‘ती माणसं खरी थोडीच?’ असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा मुलगा होता. त्याला स्नायू झिजत जाण्याचा दुर्धर आजार होता, तो व्हीलचेअरवर असायचा आणि हाच खेळ खेळायचा. आपला मुलगा एकटाच जगला, असं आई-वडिलांना वाटत होतं. २०१४ साली पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि जगभरातून ई-मेल यायला लागले. त्याने कुणाला कसा धीर दिला, कुणाचं मुलाशी तुटलेलं बोलणं कसं जोडून दिलं. त्याच्या गिल्डमधले, म्हणजे खेळातल्या त्याच्या कायमच्या गटातले, काही जण अंत्यविधीला नॉर्वेला पोचले. तुमच्या घरची परिस्थिती अशी मुळीच नाही, एवढ्या टोकाचं उदाहरण देऊन तुम्हाला गप्प करायचं नाही. हेडफोनच्या पलीकडे जिवंत माणसं असतात, एवढाच मुद्दा.

पांढऱ्या झग्यातल्या बाईचं मनावर घेऊ नका. पुरुषांनी स्त्री-पात्र घेणं या खेळांत अगदी नेहमीचं आहे, आणि बायका पुरुष-पात्र घेतात त्यापेक्षा हे प्रमाण बरंच जास्त आहे. कारण विचारलं तर त्यांचं ठरलेलं उत्तर असतं, की तासन्‌तास पात्राची पाठच बघायची आहे तर ती बघण्यासारखी तरी असावी. काही जणांना स्त्री-पात्राच्या आडून मऊ वागायची मुभा मिळते असंही मला वाटतं. दिवसभर आवाज चढवून काम करून घेणाऱ्या माणसाला दोन रात्री दुसऱ्यांची काळजी घ्यावीशी वाटत असेल, तर त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आता हसणं.

त्या वीस जणांचं त्याच्यावर कर्ज नाही, त्यांना त्याच्या हप्त्यांची माहिती नाही, आईचे गुडघे नाहीत, मुलीची फी नाही. तो त्यांना फक्त जिवंत ठेवण्याचं देणं लागतो आणि तेही अडीच वाजेपर्यंतच. इतक्या हलक्या नात्यात हसू लवकर येतं. ते तुमच्या वाट्याचं हसू तिकडे गेलेलं नाही. पण तुम्हाला ते लागलं, आणि लागणं साहजिक आहे. हे वाक्य त्याला जसंच्या तसं सांगा : ‘तू हसत होतास आणि मला वाटलं, आमच्याशी का नाही.’ खेळ संपल्यावर रात्री अडीचला नको, सासूबाईंसमोर नको. आणि त्याच दमात ‘बंद कर’ तर अजिबात म्हणू नका. ते म्हटलंत की तो खेळाची बाजू घेऊन भांडेल आणि तुमचं खरं वाक्य तिथेच विरेल.

व्यसनाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०२२पासून लागू झालेल्या आवृत्तीत, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. त्याच्या खुणा अशा : खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं. तुम्हीच लिहिलंय की कणकवलीत आठ दिवस तो खेळाशिवाय सुखात होता. हे एक वाक्य माझ्या दृष्टीने पुष्कळ सांगतं. उद्या तो पैशांबद्दल खोटं बोलायला लागला, नोकरीत खाडे पडू लागले, न खेळल्यास त्याला घर नकोसं व्हायला लागलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी, मोफत सेवा आहे, दिवसरात्र चालू असते.

मात्र हे खेळ साळसूद आहेत असं मी म्हणणार नाही. हवी ती वस्तू राक्षसाकडून कधीतरीच मिळते, त्यामुळे ‘पुढच्या वेळी नक्की’ सुटत नाही. काही बक्षिसं ठरावीक हंगामापुरतीच ठेवलेली असतात, म्हणजे सुट्टी घेतली की चुकली. आणि सगळ्यात पक्की गाठ माणसांची : मी नाही आलो तर उरलेल्यांची अडचण होईल. जी गोष्ट त्याला तिथे सुख देते तीच त्याला उठूही देत नाही. बाकी खेळ थांबवून ठेवता येतो तसा हा येत नाही, वीस जणांची लढाई एकासाठी थांबत नाही. तेव्हा रेड चालू असताना ‘जरा इकडे ये’ म्हणाल तर तो येणार नाही, त्याचा अपमान मानू नका. मुलीला ताप असेल तर मात्र हेडफोन ओढून काढा. राक्षस आठवडाभर थांबेल.

आणि पालकसभा. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. अनोळखी माणसांना दिलेली वेळ तो मिनिटावर पाळतो आणि मुलीच्या शाळेने दिलेली चुकवतो, हे चालणार नाही. त्याला ते नीट कळेलही, कारण वेळेवर न येणाऱ्या माणसाचं काय करतात हे गिल्डमध्ये त्याने पाहिलेलं असणार.

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं, यावेळी फक्त एक गोष्ट शोधायला : यात तुमचा वेळ कुठे आहे? डबे, शाळा, नोकरी, अभ्यास, स्वयंपाक. सापडला नाही. त्याच्या करमणुकीला ठरलेले वार आहेत, ठरलेले तास आहेत आणि ते मोडू नयेत म्हणून वीस माणसं पाठीशी आहेत. तुमच्या करमणुकीला काहीच नाही, म्हणून ती रोज कुणाच्या तरी भाजीसाठी मोडते. माझा अंदाज, तुम्हाला त्याचा खेळ तितकासा खुपत नाही, त्याला स्वतःचा वेळ मिळतो हे खुपतं. मला तरी यात काही गैर वाटत नाही.

त्यामुळे माझं सांगणं असं. त्याची एक रात्र तशीच राहू द्या, बुधवार. तुम्ही आठवड्यातली एक संध्याकाळ मागा, त्याच्या बुधवारइतकीच पक्की. त्या संध्याकाळी स्वयंपाक, अभ्यास, सासूबाईंची औषधं सगळं त्याच्याकडे, आणि तुम्ही मुलुंडला मैत्रिणीकडे जा, नाटकाला जा, नाहीतर कुठल्याशा बाकावर नुसत्या बसा. फोन आला तर उचलायचा नाही. रेडमध्ये तो उचलतो का?

त्याच्या शेजारी बसून खेळ बघा, असा सल्ला देण्याची पद्धत आहे. मी देणार नाही. बघणाऱ्याला त्यात नुसते रंगीत दिवे लागताना-विझताना दिसतात, दहा मिनिटांत तुम्ही पेंगाल. त्यापेक्षा गुरुवारी सकाळी चहा घेताना विचारा, ‘काल पडला का तो?’ कोण वेळेवर आलं नाही, कुणाच्या चुकीने सगळे मेले, कोण कुणावर चिडलं, हे सगळं तो सांगेल आणि ते ऐकायला मजेचं असतं, कारण शेवटी त्या माणसांच्याच भानगडी असतात. कदाचित तेव्हा हसेलही.

रविवारचं वेगळं बोलावं लागेल, आणि लवकर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. तेव्हापासून मार्चअखेरपर्यंत त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेबारा, आणि रेड संपायला साडेतीन. सोमवारी सकाळी लोकल धरणाऱ्या माणसाला हे झेपणारं नाही. गिल्डमध्ये पाळीपाळीने बाहेर बसायची सोय बहुतेक असते. निदान हिवाळ्यापुरते रविवार सोडतो, असं त्याने त्यांना कळवावं. हे त्या रविवारच्या आधी ठरवा, आणि त्याच वेळी तुमची संध्याकाळ कुठली तेही ठरवून, पेनाने, भिंतीवरच्या कॅलेंडरवर मार्चपर्यंत लिहून टाका.